स्टेजवरून सोडलेलं घर

भाषण झकास झालं होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढं जो घोळ झाला तो ऐकून कुणी म्हणेल, या बाईला बोलताच येत नसेल. बोलता येतं. सिकंदराबादला रेल्वेच्या रिझर्वेशनच्या खिडकीत उभा जन्म घालवलाय मी. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी, सगळ्या भाषांत लोकांशी भांडून झालंय. रिटायर झाल्यावर भांडायला एक नवरा तेवढा उरला, आणि तो बिचारा कशालाही 'हौ' म्हणतो. 'हौ' म्हणणाऱ्याशी काय डोंबल भांडायचं?

त्यामुळं मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला तेव्हा मी मनातून खूश झाले. हैदराबादेत जामबागेकडं आम्हा मराठी लोकांचा एक जुना हॉल आहे. माझी शाळा तिथंच जवळ होती, म्हणून त्या बाजूला जायला मला नुसतं निमित्त पुरतं. दरवर्षी महिला दिनाला तिथं पाककला, उखाणे आणि नऊवारी नेसून फोटो असा बेत असतो. यंदा चिटणिसांच्या डोक्यात आलं, की काहीतरी विचारांचं पाहिजे. "स्त्री अबला नाही, या विषयावर तुम्ही बोला अक्का," ते म्हणाले. "तुमच्यासारखी खंबीर बाई आपल्यात दुसरी आहे कोण?"

खंबीर हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. गल्लीतलं कुत्रं मागं लागलं की धाकटी रडायची, मी दगड उचलायची. 'थोरली खंबीर, धाकटी हळवी' ही वाटणी आमच्या वडिलांनीच करून ठेवली होती. मधला भाऊ होता, तो भाऊ होता. त्याला आणखी काही असायची गरज नव्हती.

वडील परभणीकडच्या शेतकरी घरातले. नोकरीसाठी हैदराबादला आले ते इथलेच झाले, आणि चिक्कडपल्लीला त्यांनी घर बांधलं. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि मागं बोळात उघडणारी एक सुटी खोली. धाकटीच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि ती माहेरी परत आली, तेव्हा वडिलांनी ती मागची खोली तिला दिली. तेव्हापासून ती तिथंच. साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउजला हुक लावून देते. आईचं आणि नंतर वडिलांचंही शेवटचं सगळं तिनं केलं. पण फोन वाजला की दचकते. दुधवाल्यानं पातळ दूध घातलं तरी त्याला विचारत नाही. मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर कुणाचा तरी हात धरते, ओळखीचा नसला तरी धरते. मी तिच्यावर किती वेळा खेकसले असेन, देव जाणे.

वडील गेल्यावर घर तिघांच्या नावावर आलं. मागच्या दिवाळीपासून भावाच्या डोक्यात बिल्डर शिरला होता. आमच्या गल्लीत निम्मी घरं अशीच गेली आहेत. आपण जागा द्यायची, तो अपार्टमेंट उठवणार, अर्धे फ्लॅट त्याचे आणि अर्धे आपले. आमच्या वाट्याला तीन येणार होते. भावाला दोन मुलगे, त्यांना एकेक आणि तिसरा नवराबायकोला. "आणि धाकटी?" मी विचारलं होतं. "ती आहेच की आमच्यात," तो म्हणाला. त्यासाठी आम्हा दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या होत्या. मी 'बघू' म्हटलं. 'बघू, बघू' करत दिवाळी गेली, संक्रांत गेली.

खरं सांगते, मला हिस्सा नको होता. आमचा सिकंदराबादचा फ्लॅट आहे, पेन्शन आहे, मुलगी बंगळूरला मजेत आहे. नको तर नको म्हणून मोकळं व्हायचं, पण ते 'आहेच की आमच्यात' माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. भाऊ वाईट नाही हो. आजारपणात रात्रंदिवस धावणारा, बहिणींची ओवाळणी कधी न चुकवणारा. म्हणून तर माझी पंचाईत. वाईट असता तर मी त्याला तेव्हाच वाजवला असता.

तर भाषण. हॉल भरला होता. जुनी चिक्कडपल्ली-सुलतानबाजारवाली मंडळी होती, आणि पुण्या-मुंबईहून आयटीत आलेल्या नव्या पोरीही होत्या. त्यातल्याच एकीनं मोबाइलमधून वाचून माझी ओळख करून दिली. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहून आणला होता, त्यामुळं 'खंबीर'ची 'खांबिर' झाले मी. असू दे, पोर गोड होती. दुसऱ्या रांगेत भाऊ आणि भावजय. त्यांच्यामागं पंख्याखाली धाकटी, पदर आवळून बसलेली.

मी सुरू केलं. "बाई नाजूक म्हणे! अहो, लग्नघरात सगळ्यात जड काय असतं? ट्रंका नव्हे. दोन्हीकडची माणसं. ती कोण उचलतं?" हॉल हसला. "बाई घाबरट म्हणे! कोण म्हणतं? ज्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नाही ते!" त्यावर बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की समोसे तळणारा आचारी बाहेर येऊन बघून गेला. मग मी माझ्या खिडकीची गोष्ट सांगितली. नोकरीला लागले तेव्हा पुरुष माणसं रांगेत पुढं यायची, आत बाई बसलेली दिसली की शेजारच्या रांगेत जाऊन उभी राहायची. बाईच्या हातून तिकीट चुकेल म्हणून. दुपारपर्यंत तीच माणसं घाम पुसत परत माझ्या रांगेत यायची, कारण माझी रांग भराभर सरकायची. "मी कुणाला भाषण दिलं नाही, नुसती रांग हलवली," मी म्हटलं. आता माझ्या अंगात आलं होतं. कागद बाजूला ठेवला आणि छातीवर हात मारून म्हणाले, "बाईला दया नको, बाईला आधार नको! मला ना बापाच्या घराची गरज पडली, ना भावाच्या कमाईची! माझे हात मला पुरे आहेत!"

उभं राहून टाळ्या वाजवल्या लोकांनी. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. खाली उतरले तर भाऊ समोर. डोळ्यांत पाणी. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "अक्का, मोठं मन दाखवलंस." चिटणीस त्याच्या पाठीवर थाप मारत होते. "नशीबवान आहात हो," म्हणत होते. मला वाटलं, माझ्या भाषणाबद्दलच बोलतायत. बहीण चांगली बोलली म्हणून भाऊ नशीबवान, यात काय नवल? धाकटीला शोधलं, तर ती समोसा न खाताच घरी गेली होती.

दोन दिवसांनी भावाचा फोन. "अक्का, गद्वाल चालेल ना? तुझी भावजय तुला मरून रंगाची घेतेय म्हणाली, धाकटीला हिरवी."

"कशाची गद्वाल?"

"सह्यांची! साडीशिवाय कसं करायचं? बिल्डरला सांगितलंय मी. कागद तयार होतायत."

"कुणी सांगितलं सह्या करणार म्हणून?"

 तो हसला. "काय अक्का, मस्करी करतेस? भरल्या हॉलमध्ये सोडलंस की तू! बापाच्या घराची गरज नाही म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलं."

माझं डोकंच चालेना. मी सोडलं? कधी सोडलं? नवऱ्याला विचारलं, "मी असं म्हटलं का?" तो म्हणाला, "हौ." म्हटलं, "तसं म्हटलं, पण त्याचा अर्थ तसा होता का?" त्यालाही तो 'हौ'च म्हणाला.

बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल. भाषणात बोललेलं कुणी खरं धरतं का? पण आमच्या लोकांत ते खरं धरतात. वडिलांच्या तीन बहिणींनी गावाकडचं शेत सोडलं, तेव्हा मी लहान होते, पण बघितलंय. मारुतीच्या पारावर गाव जमला. एकेक आत्या उभी राहिली आणि चार माणसांत म्हणाली, "मला माहेरचं काही नको, मी सोडलं." तेवढ्यावर झालं. तलाठ्याकडचे अंगठे नंतर कधीतरी झाले असतील. वडिलांनी तिघींना इरकली नेसवली, जेवायला घातलं, आणि सगळे म्हणाले, काय मोठ्या मनाच्या पोरी! ज्या बहिणीनं हिस्सा मागितला तिचं माहेर तुटलं, दिवाळीला तिला आणायला कुणी जायचं नाही. हे आम्ही गुळाबरोबर गिळून मोठे झालो. तेव्हा भावानं तरी काय चूक केली? बहीण चार माणसांत उभी राहिली, छातीवर हात ठेवून बोलली. त्याच्या हिशेबी ते स्टेज म्हणजे पारच होता. माइक होता एवढाच फरक.

मी रिक्षा करून चिक्कडपल्ली गाठली. आधी मागच्या खोलीकडंच गेले. धाकटी खाली बसून पिशव्यांत कपडे भरत होती. शिलाईच्या मशीनवर जुनी चादर बांधलेली.

"हे काय चाललंय?"

"भाड्याच्या घरात जायचंय ना सगळ्यांना, बांधकाम होईपर्यंत. दादा म्हणाला तिथं जागा कमी आहे, तू सामान आवर."

"आणि तू आवरायला बसलीस? मला एक फोन करायचा नाही?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "तूच सोडलंस ना अक्का. स्टेजवरून. आता मी कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

मला एवढा राग आला, की कुणाचा आला हेच कळेना. भावाचा म्हणावा तर तो साडी घेत होता. धाकटीचा म्हणावा तर ती माझ्याच मागून चालली होती. माझा म्हणावा तर मी काय खोटं बोलले होते? मला खरंच गरज पडली नव्हती! मी तशीच पुढच्या घरात, भावाकडं, गेले आणि त्याच्यावर तुटून पडले. भावजयीनं चहा ठेवला, आणि बशीत बिस्किटं काढून ती दाराआड उभी राहिली.

"मला नको असेल," मी म्हणाले, "पण तिचं काय? तिला राहायला जागा नको का?"

"अगं, पण तिला कोण टाकतंय? तिचं सगळं आपणच बघतो ना? ती बिचारी साधी. तिच्या नावावर फ्लॅट केला तर ती सांभाळणार कशी? टॅक्स आहे, मेन्टेनन्स आहे, वॉचमनशी बोलायचं, प्लंबरशी बोलायचं. तिला झेपणार आहे का? तूच सांग."

"नाही झेपणार."

"झालं तर मग. तुला नको, कारण तू खंबीर. तिला नको, कारण ती खंबीर नाही." तो अगदी प्रेमानं समजावत होता. त्याच्या बोलण्यात कुठं खोट नव्हती.  खिडकीत बसून मी भल्याभल्यांना गप्प केलंय, आणि इथं माझ्याच भावानं, माझ्याच भाषणानं माझी बोलती बंद केली. बाई दुबळी, म्हणून भाऊ सांभाळेल, हिस्सा कशाला? बाई समर्थ, म्हणून ती स्वतःच कमावते, हिस्सा कशाला? मग ती असावी तरी कशी, म्हणजे तिला द्यायचं? मी चहा पिऊन उठले. भांडून न उठता चहा पिऊन उठले, यावरून ओळखा माझं काय झालं असेल ते.

घरी येऊन मी ते भाषण मनात परत परत म्हणून बघितलं. अबला नाही, सबला आहे. बरं. मग? सबला आहे म्हणून तिचे हक्क आहेत, असंच मी म्हणत होते ना? मग जी सबला नाही तिचं काय? त्या हॉलमध्ये पंख्याखाली बसलेल्या माझ्या बहिणीला मी नेमकं काय सांगितलं? 'तुझ्यासारख्यांचं काही खरं नाही' असंच की काय? पण मग बायका दुबळ्या असतात असं म्हणू? तेही कसं म्हणू? जन्मभर त्याच्याशीच तर भांडले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नवऱ्याला म्हटलं, मला काही कळेनासं झालंय हो. तो पहिल्यांदाच 'हौ' म्हणाला नाही. "तुला?" एवढंच म्हणाला.

मग मला एकच उपाय सुचला, जो मला नेहमी सुचतो. धाकटीलाच खंबीर करायचं. तिला सिकंदराबादला बोलावून घेतलं आणि समोर उभं केलं. "मी दादा आहे असं समज. मान वर. आवाज पोटातून काढ. म्हण, मी सही करणार नाही."

"मी सही..." आणि तिला हसू आलं. "अक्का, तू दादासारखी मुळीच दिसत नाहीस."

"म्हण!"

"मी सही करणार नाही," ती माझ्या पायांकडं बघत पुटपुटली.

"वर बघ! डोळ्यात डोळे घाल!"

तिनं वर बघितलं आणि तिचे डोळे भरले. "मला नाही जमत गं. तू ओरडलीस की मला अजूनच जमत नाही. तू सही करून टाक, मी पण करते. दादा रागावला तर मी जाऊ कुठं? तुझं बरं आहे, तू भांडून रिक्षात बसतेस."

मी तिच्याशेजारी बसले. खरंच होतं तिचं. मी अडून बसले तर भाऊ माझ्यावर चिडणार, आणि त्याच घरात रोज जेवायला बसणार ती. माझ्या खंबीरपणाची किंमत तिच्या ताटात पडायची. आणि सही केली तर खोली जाणार. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून भेंडीची भाजी चिरली, दुसरं काही ठरलं नाही. तिला रस्ता ओलांडून बसमध्ये बसवून दिलं. ती खिडकीतून हात हलवत राहिली आणि मला रडू आलं.

रविवारी दुपारी भावाकडं जेवण होतं. सह्या दुसऱ्या दिवशी, पण साडी आणि ओटी आदल्या दिवशी घरीच. भावजयीनं पुरण घातलं होतं, सोबत चिंचेचा पिवळा भात, पुलिहोराही केला होता, कारण मला आवडतो. दोन पाट मांडलेले. आमचे हे आणि भाचे पलीकडं टेबलावर. मी ठरवून काहीच गेले नव्हते. सकाळी वाटत होतं सही करावी, रिक्षात वाटलं करू नये, जिना चढताना वाटलं, या पुलिहोऱ्याच्या वासापुढं कुणी नाही कसं म्हणावं? भावजयीनं आम्हाला हळदकुंकू लावलं. माझ्या ओटीत मरून गद्वाल, धाकटीच्या ओटीत हिरवी. ताटं वाढली, आणि भाऊ समोर आपल्या ताटावर मांडी घालून बसला. खूश होता, बहिणींना बघून त्याला बरं वाटत होतं.

"उद्या अकराला रजिस्ट्रारच्या ऑफिसात पोचायचंय," तो म्हणाला. "आधार कार्डं आणा दोघी. धाकटे, तू माझ्याबरोबरच चल."

मी घसा खाकरला. काय बोलणार होते, आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात शेजारून आवाज आला, इतका बारीक की आधी मला वाटलं भावजयच काहीतरी विचारतेय.

"दादा, मला नाही सोडायचं."

भाऊ हसला. "काय?"

 धाकटीच्या मांडीवरून साडी घसरत होती, ती दोन्ही हातांनी धरून ठेवत होती. "मला भीती वाटते रे."

"कशाची?"

"तुमची."

भावजय तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. भाऊ लालबुंद. "आमची? आम्ही तुला कधी..."

"नाही. तू चांगला आहेस. वहिनी पण चांगल्या आहेत." आता ती रडत होती, नाक पुसत पुसत बोलत होती, मधेच हुंदका यायचा आणि वाक्य अर्धं राहायचं. "पण पोरांची लग्नं होतील. सुना येतील. मी आज कुठं झोपू, हे मला रोज कुणाला तरी विचारावं लागेल. मला विचारायची भीती वाटते. दुधवाल्याला विचारताना वाटते, तर सुनांना कशी विचारू? म्हणून मला एक फ्लॅट पाहिजे. माझ्या नावाचा."

"एकटी राहणार तू?" भावाचा आवाज चढला. "अगं, तुला लिफ्टची भीती वाटते! लिफ्टची!"

"हौ, वाटते. मग खालचा दे."

"खाली पार्किंग असतं!"

"मग पहिल्या मजल्यावरचा दे. जिन्यानं चढीन."

तो माझ्याकडं वळला. "अक्का, हे तू पढवलंस."

"नाही रे," मी म्हणाले. "मी पढवलेलं तिला एक अक्षर आलं नाही."

"तू तरी सोडलंस ना? चार माणसांत?"

"मी सोडलं असेल. तिनं कुठं सोडलं? आणि तिचा कागद होईपर्यंत माझीही सही नाही."

"लोकं काय म्हणतील? स्टेजवर एक आणि घरात एक?"

"म्हणू देत," मी म्हणाले. आणि खरंच, लोकांना काय सांगणार हे मला अजून माहीत नाही.

भाऊ ताटावरून उठला. पुरणपोळीला हात लावलेला नव्हता. भावजय त्याच्याकडं बघत होती, आमच्याकडं बघत नव्हती. धाकटीचा हात मी हातात घेतला. आता ही माफी मागणार, आता म्हणणार की चुकलं, दे कागद, असं मला वाटलं.

"रागावलास दादा?" ती म्हणाली.

तो पाठमोरा उभा राहिला.

"रागाव," ती रडत रडतच म्हणाली. "पण पहिला मजला. पुढचा की मागचा, ते तू ठरव."